भुऱ्याले मराठी समजत नाई

नाई नाई, शेपूट नका पिळू भाऊ, काई उपयोग नाई त्याचा. पिळली तं तो फक्त मान वळवून पाहीन तुमच्याकडे — पाह्यलं? असाच पाह्यते. पावन्यानं घरात येऊन भलतंच काई बोललं का आपन कसे पाह्यतो, तसा. या इकडं, बसा बाजेवर, निंबाची सावली हाये. उमरेडहून बस बदलत बदलत आले, वरून जरीपटक्यापासून इथवर पायी, अन् घाम पन नाई तुमाले — पानी प्या. अरे हौ, तोंडात तंबाखू हाये तुमच्या. राहू द्या, घाईनं थुंकू नका, चांगली जमलेली दिसते. बोलाची काई गरज नाई. बोलाचं काम माह्यावर सोडा. वच्छला म्हनते, तुमचं तोंड म्हंजे फुटकी मोट, पानी वर येतच नाई, सगळं मधातच सांडते. वच्छला म्हंजे माही बायको. आत भाकरी टाकून राहिली. कान मात्र इकडंच हायेत तिचे.

तं मी खरं खरं सांगून टाकतो, नाई तं मांगून म्हनसान, नत्थूजीनं फसवलं. ह्या भुऱ्याले मराठी समजत नाई. हासले तुम्ही. हासा, सगळेच हासते. हिंदी पन समजत नाई. जरीपटक्याच्या बाजारात ओमप्रकाश शेठ हाये, माह्या वांग्याचं गिऱ्हाईक, त्यानं तं सिंधीत बोलून पाह्यलं, गुळ दाखवला, पाया पडला — गुळ खाल्ला अन् उभाच. चल म्हना, हाट म्हना, त्याच्या आईमाईवर या, हा उभाच. बहिरा? बहिरा कायचा, सरकीची ढेप फोडली का गोठ्यातून हंबरते. कान साजरे हायेत त्याचे, भाषा येगळी हाये. त्याले येते सेबूची बोली. आता तुमाले पायजे शंकरपटात, शर्यतीत पळवाले बैल, तुमच्या एकट्या राह्यलेल्या बैलाले जोड म्हनून. मंग तुमीच सांगा, एक बैल उमरेडचा अन् एक सेबूचा, एका जुवाखाली कसे पळतीन? नाई जमनार. मी आपलं तुमच्या भल्यासाठी सांगून राहिलो.

सेबू काय, विचारून राहिले? बेट हाये, फिलिपाईन देशात, समुद्राच्या मधात. मी पाह्यलं नाई, तुम्ही पन पाह्यलं नसन, तं त्याच्यावर आपलं भांडन नाई. झालं काय, का शेतकीवाले सायब जीप घेऊन आले अन् म्हने, नत्थूजी, परदेशातल्या शेतकऱ्याचा पोरगा हाये, एक हंगाम तुमच्या घरी राहीन, त्याले आपली शेती शिकवा. मी म्हनलं, शिकवतो, त्यात काय. नाव त्याचं निकानोर. वच्छलानं पैल्याच जेवनाले त्याचं निळकंठ करून टाकलं, अन् गंमत पाहा, तो ओ द्याले लागला. मी शिकवनार होतो — अन् तो आला त्याच हप्त्यात मी बैलबंडीवरून पडलो. हा पाय. इथं मोडला. प्लास्टर झालं, मालिश झाली, हाडवैद्य झाला, पन वाकडा राह्यला तो राह्यलाच. चालतो मी, बाजारात जातो, सगळं करतो. पळनं तेवढं होत नाई.

मंग काय, मी ह्या बाजेवर अन् तो पोट्टा वावरात. भुऱ्या तवा गोऱ्हा होता, गावभर उंडारे, लोकायच्या कपाशीच्या पराट्या खाये. त्याच साली त्याच्या मानेवर जू ठेवाचं होतं. ते ठेवलं निळकंठानं. आता त्याले मराठी येत होती किती — जेवन, पानी, अन् वच्छलाले माय. एवढ्यात काई बैल शिकते का? मंग तो आपल्या बोलीत सांगे. इथंच, ह्या आंगनात, सकाळची शाळा भरे, अन् मी पडल्या पडल्या ऐके. म्हंजे मी अन् भुऱ्या एकाच वर्गातले. तो पास झाला, मी पन झालो, फरक एवढाच का त्यानं करून दाखवलं अन् मी नुसतं पाठ केलं.

सरका जराक जवळ. हळू सांगतो, त्याचे कान इकडंच हायेत. जेवताना मी निळकंठाले विचारे, बाबू, आज त्याले काय म्हनला रे? तं तो मले त्याचं इंग्रजी सांगे. मले इंग्रजी कुठून येईन, मंग तो ताटावरून उठून करून दाखवे. अंबाक — जंप. म्हने अन् ओट्यावरून खाली उडी. लुक्सो — ते पन जंप. पन हे पार उडी, वावराचा धुरा, बांध ओलांडतो तशी. मी म्हनलं, बाबू, दोन येगयेगळ्या उड्या, दोन्ही जंप कशा? त्यानं डोकं खाजवलं. वच्छला म्हने, जेवू द्या त्याले. मंग उयोग — शेक. बोरीचं झाड धरून हालवतो, तसं. वागवाग — शेक. घोंगडं झटकतो, तसं. कुरोग — पुन्हा शेक, हे आपलं थंडीतापाचं थरथरनं. आता पाहा, तीन कामं अन् एकच शब्द. ज्या इंग्रजायले झाड हालवनं अन् तापानं हालनं यातला फरक सांगता येत नाई, त्यायचं राज्य आपल्या बापजाद्यायनं काहून चालू देलं, हे मले अजून समजलं नाई — थांबा, थांबा. पाह्यली का कातडी? ते शब्द जोरात गेले वाटते माह्या तोंडून. सगळं अंग हालवलं त्यानं, घंटीसकट. अन् आता कान झटकून राहिला, ते वागवाग. कुरोग तो करत नाई, त्याले ताप येत नाई.

मंग तुयोक. तुयोक म्हंजे स्पिन, गरकन फिरनं. घान्याच्या बैलाचं फिरनं नाई, भवऱ्याचं. सिकाड म्हंजे किक, पन मांगच्या पायानं. अन् दास्माग म्हंजे चार्ज. चार्ज म्हंजे ते लाठीचार्जवालं, मुंडकं खाली घालून घुसनं. हा शब्द तोंडातच ठेवा भाऊ, तुमच्या मांगं भिंत हाये अन् पुढं तो. तुमची तंबाखू बरी कामी आली. माह्यं सारं इंग्रजी असं बैलाकडून आलेलं हाये. शेतकीवाल्या सायबासंग मी एकदा इंग्रजीत बोललो पन, म्हनलं जंप, शेक, किक, चार्ज. सायब जीपमधी जाऊन बसले.

अन् एक राह्यला. दागान. दागान म्हंजे रन. हा मी — दिसलं? मान वर केली. पाहून राहिला माह्याकडे. नाई रे बापू, नाई, तुले नाई म्हनलं. चर तू. — हा शब्द मी म्हनत नाई भाऊ. काहून म्हनसान तं सांगतो. निळकंठ बैलाच्या मांगं कधी उभा राह्यला नाई. टोचाची तुतारी नाई, चाबूक नाई. बाजूले उभा राहे, वशिंडावर हात ठेवे, दागान म्हने अन् स्वतःच पळाले लागे. मंग हा त्याच्या संगं. त्या धुऱ्यानं जे सुटत दोघं, तं पार विहिरीपर्यंत, विहिरीपासून सडकेपर्यंत, माती उडे नुसती. पाह्यनाऱ्याले समजे नाई का कोन कोनाले पळवून राहिला. भुऱ्याले वाटलं, पळनं हे दोघायचंच काम असते. आता मी दागान म्हनलं का तो माह्याकडे पाह्यते. मी पळन म्हनून वाट पाह्यते. मी उभा, तं तो पन उभा. लंगड्या मानसाले बैलानं असं पाहाव नाई भाऊ. लय वाईट वाटते. म्हनून मी तो शब्द बंदच करून टाकला, अन् तवापासून हा पळाला नाई. म्हनून म्हनतो, पटाचा नाई हा. तुम्ही आपले दुसरा पाहा.

मंग हा बैल इकून काहून राहिले, हे तुम्ही डोळ्यानंच विचारून राहिले. आता काय सांगू. माह्या तोंडानं झालं ते. मांगच्या पोळ्याले झालं. तोरनाखाली सगळ्या गावाचे बैल उभे, शिंगाले बेगड, पाठीवर झुली, भुऱ्या पन मधात, वच्छलानं सजवलेला, नवरदेव झक मारीन असा. तोरन तुटाच्या आंधी झडत्या चालू झाल्या. तुमच्याकडे पन असते नं झडत्या, ज्यानं त्यानं उठाव अन् यमक जुळवून आपल्या बैलाची तारीफ अन् दुसऱ्याची टर. रुपराव पाटलानं आपल्या जोडीची झडती म्हनली. लोकायनं हर हर महादेव केलं. तं मले म्हनते कसा, नत्थूजी, तुमच्या बैलाची झडती कोन्त्या भाषेत म्हनाची? सगळे हासले. बाया पन हासल्या. आता मले राहवते का भाऊ? उठलो. गळा साफ केला. अन् निळकंठाचे सारे शब्द ठेक्यात बसवून म्हनून टाकले — ओठातच म्हनतो आता — अंबाक लुक्सो, उयोग वागवाग, तुयोक सिकाड, दास्माग दागान. काय ठेका होता. ढोलवाल्यानं पन धरला. मी दुसऱ्यांदा म्हनलं. लोकायच्या टाळ्या चालू, अन् मी पार विसरूनच गेलो का हे शब्द ज्याचे होते तो तठीच उभा हाये.

त्यानं एक पन शब्द सोडला नाई. ज्या क्रमानं म्हनलो, त्याच क्रमानं. अंबाक खालीच माराची असते नं, मंग पैले मारुतीच्या ओट्यावर चढला, शांतपनं चढला, अन् तठून मारली. शब्दाचा पक्का. मंग लुक्सो, ढोलवाल्याच्या ढोलावरून, ढोलवाला खाली निजला म्हनून वाचला. मंग अंग हालवलं, कान झटकले, तं मन्याच्या माळा, गोंडे, आरसे, सारं लोकायच्या अंगावर. मंग रुपरावच्या जोडीच्या मधात शिरून भवऱ्यासारखा फिरला, तिघायचे कासरे एकात एक. मांगच्या पायानं तोरनाचा एक खांब घेतला अन् मुंडकं घालून दुसरा. तोरन आलं रुपरावच्या फेट्यावर, आंब्याच्या पानासकट, असा दिसे का आता मांडवात जाते. गावचे सारे बैल उधळले, कोनी कामठी रोडनं गेला, कोनी जरीपटक्यात घुसला, एक तं कापडाच्या दुकानात सापडला, गादीवर उभा, शेठ त्याच्याशी हात जोडून बोलून राहिला. सारे पळाले. फक्त हा नाई पळाला. पडल्या तोरनात एकटा उभा, माह्याकडे पाहून. मी शेवटी दागान म्हनलं होतं नं. वाट पाहून राहिला होता.

रुपरावनं तठीच सांगून टाकलं, पुढच्या पोळ्याच्या आंधी हा बैल गावात नाई दिसला पायजे, नाई तं नत्थूजीच्या घरानं तोरनाखाली याचं नाई, कधीच याचं नाई. सारे हौ म्हनले. तरी त्या सांजी मी ह्याले घरोघर फिरवला, रीत हाये म्हनून. एक पन बाई ताट घेऊन बाहेर आली नाई भाऊ. दारं लावून घेतली. ज्या घरी वच्छला बाळंतपनाले धावत गेली होती, त्या घरचं पन दार बंद. घरी आलो तं वच्छला एकटीच उभी, ताट घेऊन. तिनं ओवाळलं त्याले, पुरनाची पोळी चारली, अन् मंग चुलीजवळ बसून रडली. दुसऱ्या दिवशी म्हनली, इकून टाका. आता पोळा आला पुन्हा तोंडावर. तिनं तोंड फिरवलं का फिरवलं, ती काई ऐकत नाई माह्यं.

गिऱ्हाईक तं लय आले. मी सेबूचं बोलतच नाई त्यायच्यापुढं. ते हाट म्हनते, हा उभा राह्यते, ते जाते. तुमच्यासंग कसा काय बोलत बसलो कोन जाने. तुम्ही गप्प बसता म्हनून. गप्प मानूस दिसला का मले वाटते त्याले काई तरी द्याव — अन् हौ, इकला होता नं एकदा. कामठी रोडच्या एका विटभट्टीवाल्यानं नेला, चार मानसं लावून, ढकलत. मंग मी तठी विटा पाह्याले गेलो. विटा काय पाह्याच्या असते, तुम्हीच सांगा. कुंपनाच्या बाहेर उभा राह्यलो. हा तिकडं खुंट्याले, मातीनं लाल झालेला, सांगितलेलं समजे नाई म्हनून पाठीवर वळ. एक शब्द माह्या तोंडातून गेला. एकच. मी घरी आलो तं हा माह्या आंधी येऊन बाजेजवळ उभा, गळ्यात खुंटा.

कोन्ता शब्द, ते नाई सांगत. बाकी सारे सांगितले मी तुमाले, तो नाई. हासू नका. निळकंठ गेला त्या दिवशीचा शब्द हाये तो. सडकेवर बस आली, वच्छलानं त्याले चिवड्याचा डबा देला, बस निघाली, तं हा दावं तोडून बसच्या मांगं. निळकंठ खिडकीतून अर्धा बाहेर, रडून राहिला अन् ओरडून राहिला. ओरडला तो हा शब्द. तसा भुऱ्या थांबला, वळला, अन् सरळ ह्या आंगनात आला. त्याचं इंग्रजी पायजे तं सांगतो, गो होम. घरी जा. इंग्रजी घ्या, शब्द नाई भेटनार. कुठं पन असला, पार दोन वावरं दूर, तरी ऐकते तो अन् येते. विटभट्टीवाला आला, शिव्या देल्या, आपले पैसे घेऊन गेला. वच्छलानं मले शपथ घातली, पुन्हा तो शब्द काढला तं मी माहेरी जाईन. ती जाईन पन. म्हनून म्हनतो, तुमचं काई इथं जमत नाई. शेवटची बस चुकन. जोड तुमाले कुठं पन भेटन, पाय चांगले हायेत तुमचे, हिंडा.

उठले? उठा. राग नका मानू. भाकर खाऊन गेले असते पन — थुंकले तुम्ही. बोलता का आता काई? नाई? मंग थुंकले काहून? तिकडं कुठं चालले, फाटक इकडं हाये. दावं सोडून राहिले? सोडा, सोडून पाहा, माह्यं काय जाते, तो जागचा हलनार नाई. उभा राहीन अन् माह्याकडे पाहीन. भाऊ, हात — वशिंडावर हात कोनी सांगितला ठेवाले तुमाले? मीच सांगितला. हौ. मीच. मले बोलाचं काई कामच नव्हतं. आता पाहून घ्या, तो तुमाले ओळखत नाई, तुमचा आवाज पन त्यानं —

दागान म्हनला. वच्छला, बाहेर ये. बाहेर ये वं, तो दागान म्हनला अन् स्वतःच पळाला. पाह्य, पाह्य तिकडं धुऱ्यावर. शेपूट कशी उभी केली त्यानं. धोतर खोचून कसा पळून राहिला हा मानूस, मुका कुठला, अन् भुऱ्या त्याच्या बरोबरीनं, एक पाऊल मांगं नाई, एक पाऊल पुढं नाई. गेले विहिरीपाशी. विसावत पन नाई. उमरेडले पळतच जाते का काय हे दोघं. पैसे? देले असन, हे पाह्य, बाजेवर गमछ्याखाली ठेवून गेला, कवा ठेवले मले दिसलं पन नाई. मी बोलत होतो.

काय म्हनली? काय म्हनली तू? बोलू तो शब्द? वा. शपथ कोनी घातली होती? इका इका कोनी लावलं होतं वरीसभर? हौ, समजलं, तू शपथ सोडली. रुपराव गेला खड्ड्यात, तोरन गेलं खड्ड्यात, समजलं मले. डोळे पूस पैले, पीठ जाईन डोळ्यात. मले मालूम हाये का अजून ऐकू जाईन. सडकेवर लागले नाई ते अजून. बाभळीपाशी हायेत. आता हाक मारली तं तो वळन, वळन अन् येऊन इथं उभा राहीन, बाजेजवळ. अन् मंग पाहीन माह्याकडे. मी काय करू मंग? तूच सांग, मी काय करू?

नाई बोलत मी. नाई म्हनलं नं.

जा आत. भाकर करपून राहिली तुही.